सव्वा तासाचा दिवस

पुण्यातल्या पुतण्याने मोबाइलवर एक चित्र पाठवलं. नकाशा, त्यावर दोन ठिपके, ठिपक्यांना जोडणारी बाकदार रेघ आणि रेघेखाली दोन आकडे. नागपूर ते पुणे, अंतर सुमारे ६०५ किलोमीटर. उड्डाणाचा वेळ एक तास पंधरा मिनिटं. खाली पुतण्याची पुरवणी : ‘काका, सव्वा तास फक्त. आता तरी कारणं सांगू नका.’

सव्वा तास! आमच्या राजुरात सव्वा तासात काय काय होतं, ते आधी सांगतो. बँकेत पासबुक छापायला गेलेला माणूस मशीनपाशी पोचतो. मशीन बंद आहे, हे त्याला कळायला अजून वेळ असतो. लग्नाचा मुहूर्त टळून सव्वा तास झाला की वरातीतला बँडवाला पहिल्यांदा घड्याळाकडे बघतो. वणीला जाणाऱ्या ऑटोत पाच माणसं बसलेली असतात आणि ऑटोवाला आठव्याची वाट बघत असतो. आणि तेवढ्याच वेळात म्हणे माणूस पुण्यात.

पुतण्या इंजिनियर आहे. त्याचा आकड्यांवर विश्वास आहे. माझाही आहे. फक्त आकडा कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, हे विचारायची मला वाईट खोड आहे. आमच्या गावातून रोज कोळशाचे ट्रक वजन करून जातात. काट्यावर ट्रक चढायच्या आधी डिझेल भरलं की नंतर, यावरूनही इथे भांडणं होतात. अशा गावचा माणूस नुसता आकडा बघून बॅग भरत नाही.

म्हणून म्हटलं, नागपूर ते पुणे राहू दे, आपण ‘राजूर ते पुणे’ विचारून बघू.

विचारलं. मोबाइलने प्रेमाने सांगितलं, तुमचा जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगर.

चूक त्याची नाही. महाराष्ट्रात राजूर नावाची गावं पोत्याने आहेत. एक जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. तिथला गणपती प्रसिद्ध, त्यामुळे मोबाइलला तेच राजूर आधी आठवतं. एक अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर. एक बुलढाण्याकडे, घाटासाठी नावाजलेलं. आणि एक आम्ही, यवतमाळ जिल्हा, वणी तालुका. आम्हाला गणपती नाही, घाट नाही, धरण नाही. आमच्याकडे कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या. एका बाजूने काळी धूळ, दुसऱ्या बाजूने पांढरी. म्हणून ओळख सांगताना आम्हाला गावाच्या नावापुढे खाण लावावी लागते : राजूर कॉलरी. पत्ता सांगताना लोक ‘देवळाजवळ’ म्हणतात, आम्ही ‘खाणीवालं’ म्हणतो.

याखेरीज शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात एक राजुरा आहे. एका कान्याचा फरक. पण त्या कान्याने आमच्या गावाला एकदा भलताच आनंद दिला होता. चंद्रपूरजवळच्या मोरव्याला एक जुनी धावपट्टी आहे. ती छोटी, आणि जवळच औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. चिमण्यांच्या सोबतीने मोठं विमान उतरवणं बरं नाही, म्हणून राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगावच्या बाजूला नवा विमानतळ करायचं ठरलं. बातमी पानठेल्यावर पोचेपर्यंत कान्याला कुठेतरी गळती लागली. ‘राजूरला विमानतळ होऊन राहिला,’ असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने जमिनीचा भाव विचारला. तिसऱ्याने आपल्या धुऱ्यावरून धावपट्टी जाते का, याची चौकशी केली. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले होते : जमीन द्यायची आणि नाही द्यायची. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पेपर नीट वाचला आणि कान्याने आमचा विमानतळ नेला. तो प्रस्तावही पुढे वनजमिनीच्या परवानगीत अडकला, हा आमच्या दुःखावर थोडासा उतारा.

असो. मोबाइलला ‘राजूर कॉलरी’ म्हणून बजावल्यावर तो ताळ्यावर आला. सरळ रेघ मारली तर राजूर ते पुण्याचा लोहगाव विमानतळ, अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास.

आता गंमत बघा. नागपूर ते पुणे ६०५. राजूर ते पुणे साडेपाचशे. म्हणजे पुण्याला लवकर पोचायचं, तर मी आधी पुण्यापासून पन्नास किलोमीटर आणखी लांब जायचं. सव्वाशेहून अधिक किलोमीटर रस्ता उत्तरेला कापून, पैसे मोजून, लांब जायचं. मग विमानात बसायचं. मग ते विमान नैऋत्येला निघणार आणि नकाशावरची ती बाकदार रेघ जाते कुठून? यवतमाळ शहराच्या थोडीशी उत्तरेकडून. माझ्याच जिल्ह्यावरून! सकाळी ज्या जिल्ह्यातून मी ऊर फुटेस्तोवर बाहेर पडलो, त्याच जिल्ह्याच्या डोक्यावरून दुपारी मला नेणार, आणि हवाई सुंदरी विचारणार, पाणी हवं का.

हे म्हणजे नाकाचं टोक दाखवायला मानेमागून हात नेण्यासारखं. पण नेताना हाताचा वेग ताशी आठशे किलोमीटर आहे, म्हणून त्याला प्रगती म्हणायचं.

---

तो सव्वा तास येतो कुठून, हेही पाहिलं. त्यात विमान नसतं, वैमानिक नसतो, त्या दिवशीचं आभाळही नसतं. असतो नुसता भूमितीचा तास. पृथ्वी म्हणजे ६३७१ किलोमीटर त्रिज्येचा चेंडू धरायचा. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. चेंडूच्या पाठीवरून दोघांमधली सगळ्यात आखूड वाट काढायची. तिला ताशी आठशेने भागायचं. उत्तर आलं पंचेचाळीस मिनिटं. मग चढण्या-उतरण्याचा म्हणून ठोक अर्धा तास वर टाकायचा. झाला सव्वा तास. लग्नपत्रिकेत ‘गोरज मुहूर्त’ छापतात त्यापेक्षा हे गणित फार वेगळं नाही. छापणाऱ्याला नवरा-नवरी कोण ते माहीत नसलं तरी चालतं.

म्हणून हे गणित कोणत्याही दोन ठिपक्यांचं लग्न लावतं. यवतमाळला धावपट्टी आहे. यवतमाळ ते नागपूर विचारा, उत्तर येईल. यवतमाळ ते लातूर विचारा, उत्तर येईल. मिनिटांत. त्या दोघांमध्ये विमान उडतं का, हा प्रश्न गणिताच्या अभ्यासक्रमात नाही. मी एकदा सहज यवतमाळ ते अमरावती विचारलं. रस्त्याने जेमतेम नव्वद किलोमीटरचा मामला. उत्तरात उड्डाणाचा वेळ आला, त्यातला बहुतेक भाग तो ठोक अर्धा तास. म्हणजे विमान चढेपर्यंत अमरावती खालून निघून जाणार.

खऱ्या विमानाचं जगणं वेगळं. धावपट्टी जिकडे तोंड करून असेल, तिकडे आधी पळावं लागतं. जायचं नैऋत्येला असलं तरी. मग वळण. मग आखलेल्या हवाई वाटा. पुण्याचा लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानं तिथे त्यांच्याच धावपट्टीवर उतरतात, म्हणजे भाडेकरूने घरमालकाच्या जिन्याने जावं तशी. मुंबईचा प्रकार तर आणखी नामी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही दोन्ही एका वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. नागपूर ते मुंबई सरळ रेघेत सुमारे ६८५ किलोमीटर. पण मुंबईच्या डोक्यावर पोचून विमान घिरट्या घालू लागलं, की खाली दिसणारे तेच तलाव आणि तीच झोपडपट्टी तुम्ही तीनदा बघता. आकडा तोच. ६८५. घिरटीचे किलोमीटर नकाशा धरत नाही.

विमान कंपन्या मात्र या बाबतीत नकाशापेक्षा शहाण्या. त्या तिकिटावर सव्वा तास छापत नाहीत, दीड तास छापतात. दार लावून विमान मागे ढकललं तिथपासून, ते उतरून जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतचा वेळ, आणि वर थोडी चिल्लर. ही चिल्लर कशाला? तर उशीर झाला तरी ‘वेळेवर पोचलो’ म्हणता यावं म्हणून. आपल्याकडे जेवण आठला असलं की पत्रिकेत सात छापतात. कंपन्या त्याच्या उलट छापतात आणि वर टाळ्या घेतात.

पण दीड तास छापणाराही दारापासून दारापर्यंतच मोजतो. विमानाच्या दारापासून. माझ्या दारापासून नाही.

---

म्हणून एकदा मीच मोजलं. कागद-पेन घेऊन, कुणावर राग न धरता.

सकाळी साडेसातला राजुरातलं घर सोडलं. ऑटो भरला, वणीचं स्टँड आलं, सव्वाआठ. साडेआठची नागपूर गाडी. वरोरा, जाम, बुटीबोरी. एवढी एक गोष्ट देवाने आमच्या बाजूने केली : नागपूरचा विमानतळ वर्धा रोडवर, शहराच्या अलीकडे, आमच्याच वाटेवर. कंडक्टरला आधी सांगून ठेवलं तर फाट्यावर उतरता येतं. पावणेबारा. हातात बॅग घेऊन फाट्यावर उतरलेल्या माणसाकडे गाडीतले लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर अर्धी कौतुकाची आणि अर्धी ‘याला पैसे जास्त झाले’ अशी.

बारा वाजता आत. विमान अडीचचं. दोन तास आधी या, असं सांगतात. मी अडीच तास आधी, कारण साडेआठच्या पुढच्या गाडीने आलो असतो आणि जामच्या चौकात गाडी अडकली असती तर काउंटर बंद. खेड्यातला माणूस विमानतळावर लवकर येतो तो हौसेने येतो, असा शहरातल्यांचा समज आहे. तो हौसेने येत नाही. त्याच्या मागे दुसरी गाडी नसते.

मग ती तपासणी. आमच्या नेत्यांचं एक लाडकं वाक्य आहे : हवाई चप्पल घालणाराही विमानात बसला पाहिजे. २०१६ च्या उडान योजनेपासून हे वाक्य आणि पाचशे किलोमीटरच्या आसपासच्या तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजारांच्या आतलं भाडं, या दोन गोष्टी जोडीने फिरतात. मी मुद्दाम चप्पल घालून गेलो. फायदा झाला. समोरच्या साहेबांना बूट काढून ट्रेमध्ये ठेवायला लावले आणि मला तसंच जाऊ दिलं. योजनेचा लाभार्थी म्हणून माझं नाव कुठेतरी लागलं असेल.

अडीचला विमान. चारला पुणे. साडेचारला पट्ट्यावरून बॅग आली. लोहगावहून हिंजवडीला पुतण्याच्या घरी पोचलो तेव्हा साडेसहा. संध्याकाळी लोहगाव ते हिंजवडी हा प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना मी दोन तास कमीच लिहिले असं वाटेल.

साडेसात ते साडेसहा. अकरा तास. मिनिटं सहाशे साठ. त्यातला नकाशावाला सव्वा तास म्हणजे पंच्याहत्तर मिनिटं. रुपयातले अकरा पैसे! उरलेल्या एकोणनव्वद पैशांबद्दल त्या चित्रात अवाक्षर नाही. राजुरापासून हिंजवडीपर्यंतच्या सरळ अंतराला अकरा तासांनी भागलं, तर माझा वेग निघाला ताशी बावन्न-त्रेपन्न. माझ्या मेव्हण्याची जुनी मोटरसायकल उतारावर याहून जोरात जाते.

आता दुसऱ्या पारड्यात ट्रॅव्हल्स. वणीहून संध्याकाळी बसा, चादर ओढा, सकाळी वाकडला उतरा. चौदा-पंधरा तास. विमानापेक्षा तीन-चार तास जास्त, पण त्यातली एक अख्खी रात्र झोपेत. झोपेतले तास कोणत्या रकान्यात टाकायचे, हा प्रश्न मी पुतण्याला विचारला. तो म्हणाला, ‘काका, तुम्ही विषय बदलताय.’ विमानात बसणारा माणूस जागाच असतो, एवढंच मला सुचवायचं होतं. आणि मुंबईला जायचं तर वणीवरून नंदीग्राम एक्स्प्रेस आहेच. ती अर्धा मराठवाडा ओवाळत जाते. तिला वेळ विचारत नाहीत, प्रकृती विचारतात.

---

यावर आपल्याकडचा उपाय ठरलेला आहे : आणखी एक विमानतळ.

जमीन जवळ आणता येत नाही ना, मग आभाळ जवळ आणा. विदर्भातच बघा. नागपूर आहे. गोंदियाजवळ बिरसी आहे. अकोल्याचं शिवणी आहे. अमरावतीचं बेलोरा आहे. तिथून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुटलं, तेव्हा आम्हालाही आनंद झाला. हे पंख्याचं छोटं विमान, जेटपेक्षा निवांत चालणारं. पण राजुरातून बेलोरा म्हणजे आधी यवतमाळ, मग त्याहीपुढे. पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता. नागपूर त्यापेक्षा जवळ. म्हणजे अमरावतीचा विमानतळ झाल्याने आमच्या आयुष्यात एकच फरक पडला : जिथे जायचं नाही, असे विमानतळ एकाने वाढले.

आणि आमच्या स्वतःच्या जिल्ह्याचा? यवतमाळचा विमानतळ नांदेड, लातूर, बारामती आणि धाराशिव या चार भावंडांबरोबर २००९ साली खासगी कंपनीला भाड्याने दिला गेला. कराराची मुदत ९५ वर्षं. पंच्याण्णव! आमच्याकडे शेत मक्त्याने देतात ते एका हंगामासाठी, आणि त्यातही दिवाळीपर्यंत पैसे आले नाहीत तर बैल सोडतात. इथे २१०४ पर्यंतची सोय केली होती. यवतमाळहून नेमाने सुटणारं प्रवासी विमान माझ्या बघण्यात आलेलं नाही. पण घाई कसली, करार लांबचा झाला होता. नातवाला सांगून ठेवलं आहे, बॅग भरून ठेव.

त्याच यवतमाळकडे वर्ध्याहून निघालेली नवी रेल्वे २८ फेब्रुवारी २०२४ ला कळंबपर्यंत पोचली. वर्धा ते नांदेड एकूण २८४ किलोमीटर, त्यातलं पहिलं पाऊल. समारंभ झाला, झेंडी दाखवली, छान झालं. रूळ टाकायला जमीन लागते, पूल लागतात, बोगदे लागतात, वर्षं लागतात. धावपट्टीचं तसं नाही. दीड-दोन किलोमीटर डांबर टाकलं की जिल्हा थेट नकाशावर ठिपका होतो, आणि ठिपका झाला की त्याच्यापासून जगातल्या कोणत्याही ठिपक्यापर्यंत उड्डाणाचा वेळ निघतो. म्हणून नेत्यांना धावपट्टी आवडते. रुळावर गाडी नसली तर लोक विचारतात, गाडी कुठे आहे. आभाळात विमान नसलं तर कोण विचारणार? आभाळ मुळात रिकामंच असतं.

मी एका सभेत उठून विचारलं होतं, साहेब, विमानतळ राहू द्या. वणीहून नागपूरच्या विमानतळावर जाणारी एक पहाटेची थेट गाडी करता येईल का? पहिलं विमान धरेल अशी. साहेब हसले. म्हणाले, ‘भाऊ, मोठा विचार करा.’

मोठा विचार करायची आमची ना नाही. पण तो करायला सुद्धा वेळेवर पोचावं लागतं.

---

नागपूरचा विषय निघालाच आहे, तर एक जुनी गोष्ट सांगतो. ३० जानेवारी १९४९ पासून नागपूरच्या विमानतळावर मध्यरात्री एक अजब जत्रा भरायला लागली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, या चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची आणि चारही नागपुरात येऊन टेकायची. माणसांसाठी नव्हे, मुख्यतः टपालासाठी. दिल्लीच्या थैल्या मद्रासच्या विमानात, मद्रासच्या मुंबईच्या, मुंबईच्या कलकत्त्याच्या. अदलाबदल झाली की विमानं परत, आणि सकाळी पत्रं आपापल्या शहरात. आज जगभर ज्याला ‘हब’ म्हणतात आणि अमेरिकेतल्या फेडेक्सने १९७३ मध्ये मेंफिसला जे उभं केलं, ते आमच्या नागपुरात त्याच्या चोवीस वर्षं आधी चालू होतं. देशाच्या मध्यावर असण्याचा एवढा उपयोग नागपूरला पुन्हा झाला नाही. शून्य मैलाच्या दगडाशेजारी फोटो काढणं हा दुसरा उपयोग.

पण त्या जत्रेतली मला भावते ती गोष्ट वेगळी. टपाल खात्याने कधी सांगितलं नाही की तुमचं पत्र धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंत अमुक तासांत जातं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. लाल पेटीतून उचलायचं, स्टेशन, विमान, पुन्हा स्टेशन, टपालगाडी, सायकल, आणि शेवटी कडी वाजवून ‘पोस्टमन’. विमान हा त्या साखळीतला एक दुवा. पत्र पोचलं की नाही, ते दारात ठरायचं. १९४९ मधल्या दोन आण्यांच्या आसपासच्या पाकिटाला जो मान होता, तो आज हजारोंचं तिकीट काढलेल्या माणसाला नाही. त्याला विमानतळावर सोडून देतात आणि म्हणतात, पोचलात.

पत्राचं सोडा, कोळशाचं घ्या. आमच्या गावाला रूळ आले ते कोळशासाठी. कोळशाचे भाव दोन : खाणीच्या तोंडावरचा एक आणि वीज केंद्राच्या दारातला दुसरा. मधला रस्ता, मधली गाडी, मधली हमाली, सगळं त्या दुसऱ्या भावात धरलेलं. खाणीच्या तोंडावरच्या भावाने वीज बनत नाही, हे कोळशाच्या बाबतीत सगळ्यांना कळतं.

---

हे सगळं मी शेजारच्या काकांना ऐकवलं. काका खाणीतून रिटायर झालेले. उभं आयुष्य जमिनीखाली गेलं. विमानात एकदाही बसलेले नाहीत. पुतण्याचं चित्र त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं. बोट त्या बाकदार रेघेवरून हळूहळू नेलं.

‘हे दोन ठिपके काय व्हय?’

‘विमानतळ.’

‘अन् त्याच्या अलीकडचं? पलीकडचं?’

‘ते यात नाही, काका.’

‘काऊन नाही?’

मी म्हटलं, हा फक्त उडण्याचा वेळ आहे. काकांनी मोबाइल परत दिला. तंबाखूला चुना लावला, चुना गावचाच.

‘आमी खाली उतरत होतो ना,’ ते म्हणाले, ‘तर कोळसा काय तोंडाशी नसते. फेस म्हणजे कोळसा खोदाची जागा, ते लय आत असते. टोपीवरचा दिवा लावायचा अन् चालायचं. कधी पाणी, कधी चढ. पोचता पोचता अर्धा जीव जाते. मंग कोळसा. अन् परत तेवढंच चालत वर. त्या चालण्यात एक किलो कोळसा निघत नाही.’

‘मग?’

‘मंग काय? सायबानं एकदा म्हटलं होतं, चालायच्या वेळात तुमी काम करत नाही. तर आमचा एक जुना मानूस उठून म्हणे, सायेब, मग आमाले इथूनच फेसवर फेकून द्या. आमी नाही म्हनत नाही.’ काका हसले. ‘चालण्याले कोनी कोळसा म्हनत नाही, बाबू. पन ड्यूटी त म्हनाच लागते.’

पुतण्याला उत्तर लिहायला बसलो. दिवाळीला येतो, म्हटलं. ट्रॅव्हल्सने येतो. तुझ्या चित्राबद्दल आभार. फक्त त्यात दोन ठिपके कमी आहेत, ते टाकून पुन्हा पाठव. एक राजूर कॉलरी. दुसरा तुझं दार.

पाच मिनिटांत त्याचं नवं चित्र आलं. राजूर ते हिंजवडी, बाकदार रेघ, अंतर ५७० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास तेरा मिनिटं.

दोन मिनिटं वाचली म्हणे.